माणसं कमी केली की गेम चालतो

कापूस फुटला की बाहेरून येणाऱ्यांना आमच्या जिल्ह्याचं फार प्रेम येतं. गाडी थांबवतात, वावरात शिरतात, एक बोंड गालाला लावून फोटो काढतात आणि 'पांढरं सोनं' म्हणतात. ज्यानं एक दिवस वेचणी केली आहे त्याच्या तोंडून हा शब्द मी अजून ऐकलेला नाही. बोंडाचं वाळलेलं टोक नखाखाली घुसलं की तोंडातून जे निघतं ते छापण्यासारखं नसतं. यंदाही कापूस फुटला आहे, नेरच्या बाजाराच्या रस्त्यावर टेम्पो लागले आहेत, हवेत रुई उडते आहे आणि मला दरवर्षीप्रमाणे शिंका सुरू झाल्या आहेत. शिंकांबरोबर एक जुना हंगामही येतो. त्याला मी कधी बोलावलेलं नाही.

या खेपेला निमित्त भाचीचं झालं. स्नेहल, माझ्या कुंदाताईची मुलगी, पुण्याला नोकरीला आहे. दिवाळीला आली ती चपटा लॅपटॉप घेऊन. म्हणाली, "मामा, तुमच्या जमान्यातला तो गेम नवा होऊन आलाय. गावं वसवायची, लढाया करायच्या, तोच. लावून देऊ?" मी नको म्हणायच्या आधी तिनं तो लावलाही. पाण्यावर ऊन चमकत होतं, गवताचं पातंन् पातं हलत होतं, उडत्या पक्ष्याची सावली खालच्या झोपडीवरून सरकत होती. काय करायचं आहे एवढ्या गवताचं? आम्ही हा गेम चालवला तेव्हा त्यात गवत नव्हतं, पक्षी नव्हते, सावल्या नव्हत्या आणि आवाजही नव्हता. सगळं एकेक करून काढून टाकलं होतं. काढून टाकण्यात माझा हात धरणारा नेर तालुक्यात कोणी नव्हता.

आमचा कंप्यूटर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, ऑफिसातून आला होता. त्या वर्षांत कापसाचं जे व्हायचं ते झालं होतं, आणि आमच्या भागातल्या जिनिंगा एकामागून एक कुलपं लावत होत्या. खुर्च्या, पंखे, काटे, सगळं भंगारात निघायचं. ताईनं कानातले मोडून त्यातला कंप्यूटर उचलला. बस स्टँडमागे शकीलभाईंचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, डबा उघडला आणि पंख्यातून मूठभर रुई ओढून काढली. मग अजून मूठभर. "ताई, जिनिंग बंद पडली म्हन्ते लोक," शकीलभाई म्हणाले, "इथी तं चालूच आहे." ताई हसली. माहेरी आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

माहेरी म्हणजे कायमची आली होती. तिचं सासर महागावचं. जावयाचा हात चालायचा. एवढंच सांगतो, कारण त्या माणसावर जास्त शाई घालवायची त्याची लायकी नाही. चार वर्षांच्या स्नेहलला कडेवर घेऊन ताई एका दुपारी बसमधून उतरली आणि पुन्हा जाणार नाही म्हणाली. बाबा कापसाच्या बाजारात मापारी होते, दिवसभर दुसऱ्याचा माल काट्यावर चढवायचे. घरातल्या माणसांकडेही ते त्याच नजरेनं पाहत. म्हणाले, "बाजारातून वापस आलेल्या गाडीले भाव नसते, कुंदा." आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. शेवटी बाबांनी मेहरबानी केल्यासारखी मुदत दिली. "संक्रांतीपरेंत पायतो. तुह्या त्या डब्यावर तुहं आन् पोरीचं भागलं तं राह्य. नाही तं जावई न्याले येईन, मंग मले काही म्हनू नको."

म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतची लग्नसराई. तेवढ्यात ताईला आपण इथं राहू शकतो हे दाखवायचं होतं. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही माहीत होतं. नंतर 'मला कुठं कल्पना होती' असं म्हणायची सोयसुद्धा मी ठेवलेली नाही.

ताई त्या कंप्यूटरवर लग्नपत्रिका जुळवून द्यायची. ज्यांना आमच्याकडची लग्नपत्रिका माहीत नाही त्यांना वाटेल, यात काय मोठं. वर वक्रतुंड, खाली मुहूर्त, झालं. नाही बाप्पा. आमच्याकडची पत्रिका नावांनी भरलेली असते. आजोबा-पणजोबा, काके, मामे, आत्यांचे यजमान, सगळे जावई मानाच्या क्रमानं, मग व्यवस्थापक मंडळी, मग ज्यांना शेजेवरून उठता येत नाही तेसुद्धा 'विनीत' म्हणून. एक नाव सुटलं तर तो माणूस लग्नाला येतो, पंगतीला बसत नाही, आणि पुढची वीस वर्षं सांगत फिरतो. ताई प्रत्येक घरी जाऊन वहीत नावं उतरवून आणायची, म्हाताऱ्या बायांना विचारायची, कोण कोणाच्या वर बसतो ते पाहायची. तिच्या पत्रिकेत नाव सुटत नाही हे महिन्याभरात नेरमध्ये पसरलं. मार्गशीर्ष लागला तेव्हा तिच्याकडे अकरा पत्रिका होत्या. बाबाही संध्याकाळी हातपाय धुताना कंप्यूटरवर झाकलेलं फडकं नीट करायला लागले होते.

आणि मी. मी वीस वर्षांचा, यवतमाळला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात दोनदा आपटलेला, घरी 'अभ्यासाला' म्हणून आलेला. अमरावतीच्या एका मित्राकडून त्या गेमची सीडी आणली होती. तिच्या वेष्टनावर किती मेमरी पाहिजे ते लिहिलं होतं; आमच्या डब्यात तिच्या निम्मी होती. शहाणा माणूस सीडी परत देतो. मी शकीलभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, "बैलबंडीले टरकाचं इंजिन लावतं काय बे?" मग मी आपली अक्कल लावली.

आधी सावल्या काढल्या. मग पाण्याच्या लाटा. मग आवाज, म्हणजे लढाईत माणसं मुक्यानं मरायची. रंग कमी केले, तेव्हा सगळा मुलूख कोळशासारखा दिसायला लागला. ताईनं भिंतीऐवजी कंप्यूटरच्या पडद्यावर लावलेला स्नेहलचा फोटो मी काढला, कारण तोही मेमरी खातो. दिवसा जी चार तास विजेची लाईन असायची त्यातले तीन ताईचे आणि एक माझा, असं ठरलं होतं. ताई स्नेहलला बालवाडीतून आणायला आणि नावं उतरवायला बाहेर पडली की मी बसायचो. एकाचा दीड कधी झाला आणि दीडाचे दोन कधी, ते ताईनं कधी बोलण्यात आणलं नाही.

त्या गेमसारखी थापाडी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही. साठ लाकडं दिली की शेत तयार. बियाणं बोगस निघत नाही, अळी पडत नाही, पावसानं दडी मारली म्हणून कोणी आभाळाकडे पाहत नाही. एक वाकलेला शेतकरी त्यात गोल गोल फिरतो आणि धान्य आपोआप कोठारात जातं. त्याच्यावर क्लिक केलं की तो मान वर करून हुकूम विचारतो. बाहेर त्याच दिवसांत शहरातून जीपा भरभरून माणसं यायची, हातात छापील प्रश्न, चहाच्या टपरीवर बसून 'शेतकऱ्यांची मानसिकता' विचारायची आणि उन्हं कलायच्या आत यवतमाळच्या हॉटेलात परतायची. मी त्यांना हसायचो. घरी येऊन त्याच वाकलेल्या शेतकऱ्यांना चौकोनात धरून इकडून तिकडे हाकायचो आणि स्वतःला सेनापती समजायचो. माझ्यात आणि जीपवाल्यांत फरक एवढाच, की त्यांना निदान प्रवासभत्ता मिळत असावा.

सगळं काढूनही गेम एका ठिकाणी अडकायचाच. वस्ती शंभराच्या वर गेली की डबा घरघरायचा, बाण हवेत थांबायचे, माणसाचा एक पाय उचललेला तो उचललेलाच राहायचा. यावर उपाय मीच शोधला, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान होता. सैन्य उभं झालं की शेतकऱ्यांचं काम संपतं. पण त्या गेममध्ये माणूस कमी करायची सोय नव्हती, तो मरावाच लागायचा. म्हणून मी दहा-दहा शेतकरी निवडून शत्रूच्या बुरुजाखाली पाठवायचो. ते आपले हातात विळे घेऊन धावत जायचे. दहा पडले की डबा मोकळा श्वास घ्यायचा.

एका दुपारी ताई लवकर आली आणि माझ्यामागे उभी राहिली.

"हे कोनाची मानसं मरून राह्यली?"

"आपलीच."

"काहून?"

"जास्त झाली की कंप्यूटर अडकते. शंभराच्या आत ठेवा लागते."

"मंग पैदा कायले केली?"

"सुरवातीले लागते ना. लाकडं तोडाले, वावरं कराले. मंग काही काम नसते त्याइचं."

पुढचे दहा निघाले होते. "त्याइले सांगून पाठवतं, का असंच?" तिनं विचारलं. मी हसलो. "गेम आहे ताई, तू बी बह्याडच आहेस." तिनं वही काढली, खुर्ची मागितली आणि कामाला बसली.

पौष लागायला चार दिवस होते. पौषात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, म्हणून त्या आधीच्या तारखांना झुंबड होती आणि उरलेल्या पत्रिका संक्रांतीनंतरच्या मुहूर्तांच्या. ताईच्या अकरांपैकी चार छापून गेल्या होत्या, सात डब्यात होत्या. मला गेममधला मोठा नकाशा उघडायचा होता आणि हार्डडिस्कवर जागा नव्हती. एका मासिकात मी वाचलं होतं की कंप्यूटरमधले नको असलेले फॉन्ट, म्हणजे अक्षरांचे साचे, काढून टाकले की तो हलका होतो आणि लवकर धावतो. मी ती यादी उघडली. शे-दीडशे साचे होते, बहुतेकांना अर्थ न लागणारी इंग्रजी नावं. गेमला लागणारी इंग्रजी अक्षरं मी जपून बाजूला ठेवली. बाकीची कशाची आहेत ते एकदा उघडून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी सगळी निवडली आणि उडवली. मग कचऱ्याचा डबाही रिकामा केला. यंत्रानं दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. भंगारातून आणलेल्या त्या डब्याला माझ्यापेक्षा अक्कल होती.

दुसऱ्या दिवशी लाईन आली तेव्हा एक गुरुजी पत्रिका वाचून पाहायला आले. पुतणीचं लग्न होतं, अडीचशे नावं होती. ताईनं फाईल उघडली. गणपतीच्या जागी गणपती होता, कारण तो चित्र होता. त्याखाली सगळीकडे कंस, प्रश्नचिन्हं, आकडे, डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं. गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"हे कोनती भाषा होय बाई?"

ताईनं दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली. सातही तशाच होत्या. ती खुर्चीतून वळली. मी दारात भाकर खात उभा होतो.

"काय काढलं तू?"

"काही नाही. फालतू फायली."

"कायले?"

"गेम स्लो चालून राह्यलता."

मला वाटलं ती काही तरी फेकून मारेल. मारायला हवं होतं. ती गुरुजींकडे वळली आणि म्हणाली, "कंप्यूटर बिघडला गुरुजी. तुमची पत्रिका वेळेवर देतो." तिनं वही उचलली, स्नेहलला आईकडे दिलं आणि यवतमाळची बस पकडली. तिथं कोणाच्या तरी दुकानात बसून अडीचशे नावं पुन्हा जुळवून आली, एकही न चुकवता. पण बाकीच्यांच्या पत्रिका तशा तिथं जाऊन करणं परवडणारं नव्हतं. शकीलभाईंनी डबा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. मराठी अक्षरांचे तसे साचे नेरमध्ये कोणाजवळ नव्हते. नागपूरहून मागवावे लागतील, म्हणाले. आठवड्यात सहाही घरं आपापले कागद परत घेऊन गेली. कोणी वाईट बोललं नाही. 'बिघडला' एवढंच गावात पसरलं, आणि बिघडलेल्या कंप्यूटरवाल्या बाईकडे नवं काम कोण नेणार.

ताईनं शेवटपर्यंत बिघडलाच म्हटलं. बाबांनी संक्रांतीच्या आदल्या दिवशी विचारलं, "मंग? झालं का तुह्या डब्याचं?" ती म्हणाली, "बिघडला बाबा." मी तिथंच बसलो होतो. 'मी बिघडवला' हे दोन शब्द होते. बाबा तसे न्यायाचे होते, काट्यात कधी त्यांनी हात मारला नव्हता. दोष माझा आहे कळलं असतं तर त्यांनी ताईला अजून एक लग्नसराई दिली असती, हे मला आजही पक्कं वाटतं. मला कानफटात बसली असती, बस. तेवढी एक चापट वाचावी म्हणून मी मूग गिळून बसलो. बाबा उठले आणि जावयाला निरोप पाठवायला गेले.

संक्रांतीला तो जीप घेऊन आला. पांढरा शर्ट, केसांना तेल. बाबांच्या पाया पडला, तिळगूळ वाटला, गोड बोला म्हणाला. आईनं पुरणपोळी वाढली आणि तो ती तुपात बुडवून खात होता. ताईनं दोन लुगड्यांची पिशवी बांधली. ती पिशवी जीपपर्यंत मी नेली. जीपमध्ये बसल्यावर तिनं मला एवढंच सांगितलं, "अभ्यास कर." स्नेहल खिडकीतून हात हलवत होती, तिला जीपचं कौतुक.

आठ दिवसांनी शकीलभाई नागपूरहून मागवलेल्या अक्षरांची सीडी देऊन गेले. "तुह्या बहिनीची आहे, लावून ठेव," म्हणाले. मी लावली नाही. जागा लागली असती. गेम त्या दिवसांत झकास चालत होता, मोठा नकाशाही उघडत होता, बाण हवेत अडकत नव्हते. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांनी ताई परत आली तेव्हा तिचा उजवा हात कोपरात सरळ होत नव्हता. पडले म्हणाली. या खेपेला बाबांनी बाजारभावाची भाषा केली नाही. आपली खाट ओसरीत नेली आणि आतली खोली तिला दिली. आज तहसीलच्या रस्त्यावर तिचं स्वतःचं दुकान आहे. लोकांचे फॉर्म भरते, दाखले काढून देते, पत्रिकाही करते. डाव्या हातानं टाइप करते, आणि माझ्या दोन्ही हातांपेक्षा जलद करते. नाव अजून सुटत नाही. मी तिच्या दुकानाचे कंप्यूटर दुरुस्त करतो, पैसे घेत नाही, आणि असं केल्यानं काही फिटतं असं समजण्याइतका मूर्ख मी आता राहिलेलो नाही.

तर परवाची दुपार. ओसरीत ऊन आलं होतं. ताई खाली बसून सुपात तूर निवडत होती, कोपर पोटाशी धरून, तिच्या पद्धतीनं. स्नेहल माझ्या शेजारी. मी खेळत होतो आणि तोंडानं गवताला शिव्या देत होतो. वस्ती वाढत गेली, नव्वद, पंच्याण्णव, शंभर. काहीच अडकलं नाही. या लॅपटॉपला हजार माणसांचंही ओझं झालं नसतं. आणि तरी माझ्या हातानं दहा शेतकरी चौकोनात धरले आणि शत्रूच्या बुरुजाकडे पाठवले.

"मामा, हे काय करताय?" स्नेहल म्हणाली. "ते मरतील ना. कशाला पाठवले?"

ताईचा सुपातला हात थांबला. तिनं मान वर केली नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याले पहिलेपासून सवय आहे."

मी त्यांना परत फिरवायची खूण केली. बुरुजावरून बाण सुटले होते. ते विळे घेऊन जसे धावत गेले होते तसेच धावत मागे यायला लागले. या नव्या गेममध्ये आवाज होता, आणि पडणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा आवाज होता.

"आले का वापस?" ताईनं विचारलं.

"तीन आले."

तिनं सूप एकदा पाखडलं, कचरा अंगणात टाकला आणि पुन्हा तुरीत हात घातला.

"मंग वावरात लाव त्याइले," ती म्हणाली. "आन् आता कुठी पाठवू नको."